कौतिक पहिला आल्याचा कागद

प्रति,
मा. विशेष अधिकारी साहेब,
राज्य पुनर्रचनेतील प्रलंबित प्रकरणे (क्रीडा व व्यायाम शाखा),
भोपाळ.

अर्जदार : अनंत देवराम वाणी, लिपिक, क्रीडा-निधी विभाग, महाविद्यालय कार्यालय, बुऱ्हाणपूर. राहणार लोधीपुरा.

विषय : कै. कौतिक लोटू महाजन, मौजे देडतलाई, हा एक मैलाच्या शर्यतीत पहिला आला होता, एवढ्या एका ओळीचा दाखला मिळण्याबाबत. (कारण : त्याच्या आईस पायांत वहाणा घालावयाच्या आहेत.)

संदर्भ : याच विषयावरील अर्जदाराचे यापूर्वीचे सर्व अर्ज. ते किती, हे आपल्या फाईलीत असेल. अर्जदाराने मोजणे सोडले आहे.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, हा अर्ज मराठीत लिहिला आहे, कारण प्रकरण मराठीत सुरू झाले होते. हिंदी तरजुमा सोबत जोडला आहे. तरजुम्यात कोठे राग दिसल्यास तो तरजुम्याचा समजावा.

१. अर्जदार, कौतिक, सुरेश आणि सुनंदा हे चौघे येथील हायस्कुलात एका वर्गात होते व एकाच वर्षी मॅट्रिक झाले. कौतिक देडतलाईचा. शाळेसाठी शहरात मावशीकडे राहायचा आणि शनिवारी शाळा सुटली की गावाकडे निघायचा. मोटार चुकली तर पळत निघायचा, आणि पुष्कळदा मोटार मुद्दाम चुकवायचा. त्याला पळताना पाहणे हे आमच्या वर्गाचे एक सुख होते. तो अनवाणी पळे. पळताना त्याच्या तोंडावर जरा लाजल्यासारखे हसू असे, की बाकीचे मागे राहिले ही जशी काही त्याचीच चूक. सुनंदा वर्गातली एकटी मुलगी, सदा पुस्तकात डोके घालून बसलेली. पण कौतिक मैदानात उतरला की तिचे पुस्तक मिटे. हे अर्जदाराने पाहिले आहे आणि अशा गोष्टी कार्यालयीन कागदावर येत नाहीत हेही त्यास माहीत आहे. तरी येऊ द्याव्यात, कारण पुढे त्यांचा संबंध येतो.

२. सन १९५६ च्या ऑक्टोबर अखेरीस, दिवाळीच्या तोंडावर, आमच्या महाविद्यालयातर्फे कौतिक (एक मैल) व सुरेश (लांब उडी) यांना त्या वेळच्या राजधानीत, नागपुरास, राज्य स्पर्धेसाठी पाठविण्यात आले. अर्जदार सामान सांभाळण्यास बरोबर होता. कौतिकला खिळ्यांचे बूट मिळावेत अशी मागणी क्रीडा-निधीकडे केली होती. बूट ही वैयक्तिक वापराची वस्तू असल्याने मागणी नामंजूर झाली. कौतिक म्हणाला, "बूट भेटले असते तं मले पळताच आलं नसतं रे," आणि आम्ही तिघे हसलो.

एक मैलाची प्राथमिक फेरी ३१ ऑक्टोबरला झाली. तीत कौतिक पहिला आला. त्या रात्री आम्ही एका शाळेच्या ओसरीवर सतरंज्या टाकून झोपलो. सकाळी उठलो तेव्हा १ नोव्हेंबर होता. राज्यांची पुनर्रचना अंमलात आली होती, नागपूर मुंबई राज्यात गेले होते आणि बुऱ्हाणपूर नव्या मध्य प्रदेशात. कौतिकने झोपेत राज्य बदलले. त्याच दिवशी चार वाजता तो अंतिम फेरी पळाला आणि तीतही पहिला आला. दुसरा आलेला मुलगा बराच मागे होता. टाळ्या वाजल्या. आम्ही दोघांनी त्याला उचलून घेतले.

मात्र दाखले वाटताना कौतिकचे नाव पुकारले गेले नाही. टेबलावरचे गृहस्थ सज्जन होते. ते म्हणाले, "बाळ, तू काल आमचा होतास. आज तू पाहुणा आहेस. पाहुण्याला पहिला नंबर कसा द्यायचा, ते वर विचारून कळवतो." ते अद्याप कळलेले नाही.

३. परतीच्या भाड्याविषयी थोडक्यात. जातानाचा प्रवास राज्यांतर्गत म्हणून मंजूर झाला. येतानाचा प्रवास परराज्यातून झाला, आणि त्यास पूर्वपरवानगी नव्हती. सबब आम्ही जायला हवे होते पण यायला नको होते, असा हिशेबाचा अर्थ निघतो. आमचा क्रीडा-निधी दोन राज्यांतील येणी-देणी वाटून होईपर्यंत गोठविण्यात आला, तो आजही गोठलेलाच आहे. विद्यार्थी दर वर्षी खेळाची फी भरतात, अर्जदार ती जमा करून घेतो आणि त्यातून चेंडूला हवा भरण्याचा पंपही घेता येत नाही. मैदानावर रेघा मारायला फक्की नाही म्हणून आम्ही वसतिगृहाच्या चुलीतली राख वापरतो. गेल्या स्नेहसंमेलनात ऐन शर्यतीत वारा सुटला, राख उडाली, पट्टे राहिले नाहीत आणि तीन मुलांनी आपण पहिले असल्याचे सांगितले. तिघांनाही दाखले मिळाले. अर्जदाराने ते स्वतःच्या हाताने लिहिले आणि मग दाराआड जाऊन डोळे पुसले. तीन पहिल्यांना दाखला मिळतो आणि खऱ्या पहिल्याला मिळत नाही, हे साहेबांनी आपल्या मनाशी एकदा बोलून पाहावे.

४. कौतिकला तो कागद शोभेसाठी नको होता. सरकारी शाळांत व्यायाम-शिक्षकाच्या जागा निघाल्या होत्या आणि राज्य स्पर्धेतील पहिल्या क्रमांकाचा दाखला असलेल्यास ती जागा जवळजवळ ठरलेली होती. सुनंदाच्या वडिलांशी दोन्ही घरांचे बोलणे झाले होते. ते नोकरदार गृहस्थ, म्हणाले, "नोकरीचा कागद दाखवा, मी दुसऱ्या दिवशी साखरपुडा करतो." त्यांनी वाट पाहिली. त्यांना दोष देता येत नाही. दोन वर्षे होत आली तेव्हा सुनंदाचे लग्न अकोल्यास करून देण्यात आले. लग्नात वाढायला कौतिक होता. त्याने पंक्तीत जिलबी वाढली.

अकोल्याहून सुनंदाचे दर दिवाळीस अर्जदारास एक पोस्टकार्ड येते. खुशाली वगैरे काही नसते. "कागद आला का?" एवढेच लिहिलेले असते.

५. सुरेशला सन १९५७ मध्ये भोपाळास, आपल्याच शाखेत, आवक-जावक लिपिकाची जागा मिळाली. त्याचे नाव येथे घेतल्याबद्दल त्यास त्रास देण्यात येऊ नये ही विनंती. त्याने कधीही नियमाबाहेर काही केले नाही, आणि हेच त्याचे दुःख आहे. आपल्या कार्यालयातून येणाऱ्या प्रत्येक लिफाफ्यावरील पत्ता त्याच्या अक्षरात असतो. आत काय आहे ते त्यास ठाऊक असते, तरी पत्ता त्यालाच लिहावा लागतो. नागपूरचे पूर्वीचे कार्यालय म्हणते, उमेदवार परराज्यातील आहे, आपल्या राज्याकडे जावे. आपले कार्यालय म्हणते, स्पर्धा परराज्यात झाली आहे, त्या राज्याकडे जावे. अशी पत्रे आली की अर्जदार ती स्टेशनावर घेऊन जाई, कारण कौतिक तेव्हा तेथे मालगाडीच्या वाघिणींत केळी भरण्याच्या कामावर होता. तो खांद्यावरचा घड खाली ठेवी, हात पुसून लिफाफा घेई आणि दर वेळी त्याचा चेहरा उजळे. म्हणे, "सुऱ्याचं अक्षर हाये! काम पक्कं झालं समज." मग लिफाफा उघडला जाई.

६. आता तिथीचा प्रकार. सन १९५९ च्या पावसाळ्यात आपल्या कार्यालयाचे पत्र आले की, चौकशी अधिकारी खंडव्यास मुक्कामी येत असून "आवेदक भाद्रपद कृष्ण पंचमी को प्रातः ग्यारह बजे स्वयं उपस्थित हों". इंग्रजी तारीख लिहिलेली नव्हती. नव्या राज्याचा नवा उत्साह होता, त्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. पत्र कौतिकने वाचले, अर्जदाराने वाचले, सोजरबाईंना, म्हणजे कौतिकच्या आईला, वाचून दाखविले. आम्ही पंचांग काढले, भाद्रपद वद्य पंचमी पाहिली आणि सदऱ्याला इस्त्री करून ठेवली.

साहेब, आपल्याकडे महिना पौर्णिमेस संपतो आणि आमच्या घरात अमावास्येस. त्यामुळे जी गोकुळाष्टमी आम्ही श्रावणात करतो, तीच आपल्याकडे भाद्रपदात येते. दिवस एकच असतो, फक्त महिन्याचे नाव वेगळे. आपली पंचमी त्या गोकुळाष्टमीच्या आधीच होऊन गेली. आमची पंचमी गणपती बोळविल्यावर, पितृपक्षात आली. पितृपक्षात चांगल्या कामाला घराबाहेर पडू नये, असे सोजरबाई म्हणाल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "पन सरकारनं नेमेल दिस हाये, त्याले पाप न्हाई लागत." आम्ही गेलो. विश्रामगृहाचा चौकीदार पाट्यावर चटणी वाटीत होता. तो म्हणाला, "साहब तो पिछले महीने आए थे, चले गए." जो शर्यतीत कधी कोणाच्या मागे राहिला नाही, तो एक महिना मागे राहिला होता. "आवेदक अनुपस्थित, प्रकरण समाप्त" असा शेरा नंतर आला. लिफाफ्यावरचे अक्षर सुरेशचेच होते.

परतीच्या गाडीत कौतिक हसत होता. त्याच्या तोंडावरचे हसू अर्जदाराला एरवी आवडे, पण त्या दिवशी ते पाहवेना.

७. पुढच्या वर्षी त्यास विषमज्वर झाला. ताप अंगावर काढीत तो वाघिणी भरीत राहिला, आणि अंथरुणास खिळला तेव्हा उशीर झालेला होता. शेवटच्या दिवसांत अर्जदार देडतलाईस जाऊन राहिला होता. कौतिक शुद्धीवर असताना म्हणाला, "तो कागद आनजो, अनंता. माह्यासाठी न्हाई. मायच्या पायासाठी." अर्जदाराने आणतो म्हणून सांगितले. हा अर्ज त्या शब्दाचा आहे.

८. सोजरबाईंच्या पायांची हकीकत अशी. कौतिक स्पर्धेला निघाला त्या दिवशी त्यांनी इच्छापूरच्या देवीला नवस बोलला होता : पोरगा पहिला येऊ दे, तो पहिला आल्याचा कागद घरात येईपर्यंत मी पायांत वहाण घालणार नाही. त्यांना वाटले, चार-आठ दिवसांचा प्रश्न आहे. नवऱ्याने आणून दिलेल्या वहाणा त्यांनी खुंटीला टांगल्या. त्या आजही तेथे आहेत. कातडे वाळून लाकडासारखे झाले आहे.

साडेचार वर्षे ही बाई अनवाणी कापूस वेचते आहे. गेल्या माघात पऱ्हाटीचे खुंट उजव्या टाचेत घुसले. जखम भरत नाही. दवाखान्यातील डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे की, हा पाय असाच मातीत राहिला तर घोट्यापासून काढावा लागेल. अर्जदाराने हात जोडले, गावाने समजावले, देवीच्या पुजाऱ्याने स्वतः घरी येऊन सांगितले की ज्याच्यासाठी नवस बोलला तोच राहिला नाही, देवीने तुला मोकळे केले आहे. त्यावर सोजरबाई जे बोलल्या ते अर्जदार त्यांच्याच शब्दांत देतो : "देवीनं तिचं काम केलं. मी मांगलं, पोरगा पयला येऊ दे. तो आला. आता म्या वहाना घातल्या तं लोकं काय म्हनतीन? का पोरगा पयला आलाच नव्हता. तो तं सांगाले न्हाई आता. म्या बी खोटं पाडू का त्याले?"

पुजारी उठून गेला.

९. यानंतर अर्जदाराच्या हातून एक गुन्हा घडला. तो दुसऱ्या कोणी सांगण्याआधी येथे नोंदवितो. सोजरबाईंना वाचता येत नाही. अर्जदाराने कार्यालयीन टंकयंत्रावर जाड कागदावर एक दाखला तयार केला. खाली महाविद्यालयाचाच शिक्का जरा फिरवून, अस्पष्ट उठविला. मजकूर असा केला की, श्री. कौतिक लोटू महाजन यांनी अपूर्व वेगाने शर्यत जिंकून राज्याची कीर्ती वाढविली, शासनास त्यांचा अभिमान वाटतो, आणि असा पुत्र दिल्याबद्दल त्यांच्या मातोश्रींस शासन वंदन करीत आहे. आजवर जे कोणी लिहायला हवे होते आणि लिहिले नाही, ते सगळे त्यात आले.

दाखला घेऊन तो देडतलाईस गेला आणि अंगणात बसून त्याने मोठ्याने वाचून दाखविला. सोजरबाईंनी शेवटपर्यंत ऐकले. कागद हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला, मग घडी घालून अर्जदाराच्या खिशात परत ठेवला आणि त्याच्या पाठीवरून हात फिरविला. म्हणाल्या, "हा तुह्या हातचा कागद हाये, बाबू. सरकार इतलं गोड बोलत न्हाई कधी."

अर्जदार तेथे बसून रडला. सोजरबाईंनी त्याला भाकर वाढली. या कृत्यासाठी नियमाप्रमाणे जी शिक्षा असेल ती त्यास मान्य आहे. मात्र आधी दाखला द्यावा, मग शिक्षा. क्रम उलटा झाल्यास दाखला पोहोचवायला कोणी राहणार नाही.

१०. सबब विनंती अशी की, दाखला आपल्या कार्यालयाने आपल्या नेहमीच्या भाषेत द्यावा. त्यात कौतुकाचा एकही शब्द नसावा. कागद हलका असला तरी चालेल. कौतिकचे नाव चुकीचे पडले तरी हरकत नाही. किंबहुना जरा चुकीचे पडल्यास सोजरबाईंना तो अधिक खरा वाटेल. तो कोणत्या राज्याकडून पळाला हे अद्याप ठरत नसेल तर राज्याची जागा कोरी सोडावी आणि नुसते देडतलाई लिहावे. ते गाव पुनर्रचनेत जागचे हललेले नाही.

आणि दाखला देताच येत नसेल तर नकार द्यावा. अर्जदार नकाराविरुद्ध अपील करणार नाही, हे लिहून देतो. फक्त त्या नकारात कोठेतरी असे यावे की, "सदर इसम अंतिम फेरीत प्रथम आला होता हे खरे, तथापि". 'तथापि'च्या पुढे साहेबांना हवे ते लिहावे. तो भाग अर्जदार वाचून दाखविणार नाही. सरकारने नाही म्हणता म्हणता कबूल केलेली गोष्ट खरी असते, एवढा सोजरबाईंचा सरकारवर विश्वास आहे.

११. लिफाफ्यावर पत्ता सुरेशनेच लिहावा. गेल्या दिवाळीस, कौतिक गेल्याचे कळवूनही, सुनंदाचे कार्ड आलेच. त्यात एक शब्द वाढला होता : "आता तरी आला का?" तिला काय लिहावे हे अर्जदारास सुचलेले नाही. ते उत्तरही आपल्याच हाती आहे. मृगाच्या आत हुकूम व्हावा, कारण पेरणी लागली की सोजरबाई शेतात उतरतील आणि त्यांना अडविणे कोणाच्या हातचे नाही.

आज्ञेची वाट पाहणारा, आपला नम्र,

अनंत देवराम वाणी
लिपिक, क्रीडा-निधी (गोठविलेला)
बुऱ्हाणपूर, दि. १२ मे १९६१. (तिथी मुद्दाम लिहिलेली नाही.)

सोबत :
१) या अर्जाचा हिंदी तरजुमा.
२) डॉक्टरांची चिठ्ठी.
३) "आवेदक अनुपस्थित" शेऱ्याची नक्कल.
४) अर्जदाराने तयार केलेला खोटा दाखला, रद्द करण्यासाठी. शक्य झाल्यास साहेबांनी रद्द करण्यापूर्वी एकदा वाचावा.
५) नव्या वहाणांचा जोड एक. सुरेश, सुनंदा व अर्जदार यांनी मिळून करवून घेतला आहे. सोजरबाई पाय मापू देत नाहीत, म्हणून अंगणातल्या ओल्या मातीत उमटलेल्या पावलांवरून दोऱ्याने माप घेतले. जोड सोबत पाठविलेला नाही, अर्जदाराच्या कपाटात ठेवलेला आहे. दाखल्यास आणखी उशीर झाल्यास त्यातील डावी तेवढी लागेल.